‘झोन ११’ लिहिलेली झाडं पुण्यात दरवर्षी का मरतात? हवामानाचा नकाशा वाचताना होणारा घोळ आणि तो शोधायची रीत

सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या बागा सांभाळायचं काम मी पुण्यात नि आसपास करतो. तक्रार ठरलेली असते, आणि ती ‘झोन’वरून, म्हणजे झाड किती थंडी सोसतं हे सांगणाऱ्या लेबलवरच्या आकड्यावरून. “झोन बघूनच झाड आणलं. लेबलवर ९ ते ११ लिहिलंय, पुणं ११ मध्ये येतं, तरी गेलं.” पुढच्या वर्षी तेच झाड त्याच जागी पुन्हा लावतात आणि ते पुन्हा जातं. मग माळ्याने पाणी घातलं नाही, नर्सरीवाल्याने फसवलं अशी बोलणी सुरू होतात. कधी ते खरंही असतं, पण बहुतेक वेळा चूक निवडीतच झालेली असते.

आधी लक्षणं

झाड कसं गेलं यापेक्षा कधी गेलं, यावरून जास्त कळतं.

पहिला प्रकार: डिसेंबर-जानेवारीत लावलं, फेब्रुवारीत छान फुटलं आणि एप्रिलच्या मध्यापासून पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या. पश्चिमेकडची बाजू आधी करपली. पाणी वाढवूनही फरक नाही.

दुसरा: उन्हाळा काढला, पण जुलै-ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडून गळाली. माती चिंब ओली आणि झाड मात्र तहानल्यासारखं मलूल. बुंधा मातीलगत काळा नि मऊ, मातीला आंबूस वास.

तिसरा: मरत नाही, पण वर्ष-दीड वर्ष झिजत राहतं. नवी पालवी फिकट पिवळी येते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

चौथा: झाड धट्टंकट्टं, पण फूल नाही की फळ नाही. सफरचंद, चेरी, दुसऱ्या वर्षीचे ट्यूलिप.

पाचवा: थंडीत एका रात्रीत कोवळे शेंडे काळे पडले. पुणे शहरात हे क्वचित दिसतं. निफाडकडे किंवा महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी, जिथे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तिथे जास्त.

या पाचांपैकी फक्त शेवटचा प्रकार झोनच्या आकड्यावरून आधी ओळखता येतो. चौथ्याचा थोडाफार अंदाज येतो. आपल्याकडची बहुतेक झाडं जातात ती पहिल्या तीन कारणांनी, आणि त्यांबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

तपासणी १: झाड खरंच मेलंय का?

याला खर्च शून्य. शेंड्याकडून सुरुवात करून नखाने साल जराशी खरवडा. आतून हिरवट-ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली सरका, पुन्हा खरवडा. बुंध्यापर्यंत कुठेच हिरवं नसेल तरच झाड गेलं म्हणायचं.

हे आधी सांगायचं कारण, लोक जिवंत झाडं टाकून देतात. चाफा हिवाळ्यात निष्पर्ण होतो. अडेनियम पानं टाकून नुसता ठोंब उरतो. भुईचाफा आणि मे फ्लॉवर तर जमिनीखाली जाऊन बसतात आणि वर रिकामी कुंडी दिसते. ती कुंडी जानेवारीत उपडी करणारे लोक मी पाहिलेत, आत कांद्याएवढा टणक कंद असताना.

दुसरी बाजू मोसमी फुलांची. पेटुनिया, पॅन्सी, फ्लॉक्स ही आपल्याकडे हिवाळ्याची पाहुणी. एप्रिलमध्ये ती जाणारच, तिथे दोष शोधू नका. पेटुनियाच्या परदेशी माहितीत ‘झोन १० आणि ११ मध्ये बहुवर्षायू’ असं लिहिलेलं असतं आणि त्यावर विसंबून लोक मे महिन्यात तिला वाचवायच्या खटपटीत असतात.

तपासणी २: मरणाचा महिना

मोबाइलमधले बागेचे फोटो उघडा, तारखा आपोआप सापडतात. झाड शेवटचं ठणठणीत कधी होतं आणि पहिल्यांदा उतरलेलं कधी दिसलं, एवढं पाहा. एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा असेल तर ऊन, कोरडी हवा आणि जागा यांच्याकडे बघायचं. जुलै ते सप्टेंबर म्हणजे निचरा. महिना सांगताच येत नसेल, हळूहळू झिजत गेलं असेल, तर माती किंवा पाणी. डिसेंबर-जानेवारीतली रात्र असेल तरच थंडी.

पुढच्या तपासण्या कुठून सुरू करायच्या हे यावरून ठरतं. जुलैत गेलेल्या झाडासाठी ग्रीननेट आणणं म्हणजे पैसे वाया.

तपासणी ३: लेबलवरचा आकडा नक्की काय मोजतो

मूळ घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

लेबलवरचा ‘झोन’ बहुतेक वेळा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, म्हणजे यूएसडीएच्या नकाशातला असतो. १९६० साली तो पहिल्यांदा निघाला. सध्याची आवृत्ती २०२३ची, आणि ती १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेली. प्रत्येक वर्षातली सर्वांत थंड रात्र घ्यायची, अशा तीस रात्रींची सरासरी काढायची, आणि त्या सरासरीवरून १ ते १३ असे विभाग पाडायचे. एक विभाग दहा अंश फॅरेनहाइटचा, त्याचे पुन्हा दोन भाग. झोन ११ म्हणजे ही सरासरी साधारण ४.४ ते १० अंश सेल्सिअस. बस, एवढंच. पाऊस नाही, उन्हाळा नाही, माती नाही, हवेतला दमटपणा नाही.

हा नकाशा अमेरिकेपुरता आहे. भारताचे म्हणून जे नकाशे फिरतात ते इतरांनी त्याच मापाने काढलेले. त्या मापाने पुणं ११ मध्ये येतं आणि नागपूरही ११ मध्येच. आता नागपूरचा मे आठवा: दिवसाचं सरासरी कमाल तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंश आणि रात्री अठ्ठावीसच्या आसपास. पुण्यात मे महिन्यात दिवसा सदतीसच्या आसपास आणि रात्री बावीस-तेवीसपर्यंत उतरतं. गार रात्रीत झाड सावरतं. नागपुरात त्याला ती उसंत मिळत नाही. मुंबई आणि रत्नागिरी १२ मध्ये. म्हणजे नकाशावर पुण्याला लागून एकच पायरी वर, पण पाऊस पुण्यात सातशे-साडेसातशे मिलिमीटर आणि रत्नागिरीत तीन हजारांच्या वर.

अमेरिकेत हा नकाशा चालतो, कारण न्यू जर्सी किंवा शिकागोत झाड मारणारी गोष्ट म्हणजे जानेवारीतली गोठवणारी रात्र. तिकडे राहणारे मराठी लोक कढीपत्त्यासाठी, मोगऱ्यासाठी त्याचा सर्रास वापर करतात आणि ते बरोबरच आहे. झोन ७ मध्ये कढीपत्ता कुंडीतच ठेवायचा आणि रात्री दहा अंशांखाली जायला लागल्या की घरात घ्यायचा, एवढं तो आकडा नीट सांगतो. फक्त तो सरासरीचा आकडा आहे हे तिथेही विसरायचं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये पारा उणे १४च्या आसपास गेला आणि त्या झोनला ‘चालणारी’ लिंबूवर्गीय झाडं ठिकठिकाणी जळाली.

लेबलवर दोन आकडे असतात त्यातला खालचा थंडीचा आणि तो भरवशाचा. वरचा आकडा बराचसा अनुभवाने टाकलेला असतो. ‘५ ते ९’ म्हणजे ९च्या वर झाड बहुधा उन्हाने दमेल किंवा त्याला हवी तेवढी थंडी मिळणार नाही. सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे हजाराच्या आसपास तास लागतात. पुण्यात त्याचा पासंगही मिळत नाही, म्हणून झाड वाढतं आणि बहर येत नाही. कमी थंडीवर फळणाऱ्या जाती आहेत, हिमाचलच्या हरिमन शर्मांनी काढलेली एचआरएमएन-९९ त्यातली एक. सफरचंद लावायचंच असेल तर अशीच जात लावा, पण हौस म्हणून.

उन्हाळ्याचाही नकाशा आहे. अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ साली तो काढला, वर्षात तीस अंशांच्या वर जाणारे दिवस मोजून. त्यात बारा विभाग आणि शेवटचा विभाग दोनशे दहाच्या वर दिवसांचा. आपल्या कामाला तोही येत नाही, कारण मुंबई आणि नागपूर दोन्ही त्या शेवटच्याच विभागात बसतील.

तपासणी ४: आपला स्वतःचा नकाशा

महाराष्ट्राचे नऊ कृषी हवामान विभाग पाडलेले आहेत, पाऊस आणि माती धरून. शेतीसाठी केलेला हा नकाशा बागेलाही चांगला लागू पडतो. दक्षिण कोकण जांभ्या मातीचं, अतिपावसाचं. उत्तर कोकण, तिथे पाऊस भरपूर पण माती वेगळी. मग घाटमाथा. सह्याद्रीच्या पूर्व पायथ्याचा पट्टा, कोल्हापूर त्यात. त्याच्या पूर्वेला पश्चिम महाराष्ट्राचा मैदानी पट्टा, पुणे शहर त्यात. पुढे अवर्षणप्रवण भाग, सोलापूरकडचा. मराठवाड्यातला निश्चित पावसाचा भाग. मध्य विदर्भ आणि पूर्व विदर्भ.

जिल्ह्यावर न जाता तालुका बघा. पुणे जिल्ह्यातच लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारामतीकडे पाचशेच्या आसपास. ‘पुण्यात येतं’ हे वाक्य मुळशीतल्या बंगल्याला एक अर्थ देतं आणि दौंडच्या फार्महाउसला दुसरा. महाबळेश्वरहून घाट उतरून वाईला आलं की पाऊस कित्येक पटींनी घटतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. तरीही महाबळेश्वरच्या नर्सरीतून हौसेने झाडं आणून वाईत लावतात.

लॅव्हेंडर आणि रोझमेरीचं उदाहरण घ्या. ही भूमध्य सागराकाठची. तिथे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडे नेमका उलटा हिशोब, चार महिने मुळाशी ओल आणि हवा दमट. झोन जुळला तरी हंगाम जुळत नाही. रोझमेरी मी कुंडीतच लावायला सांगतो, मातीत निम्मी जाड वाळू घालून, आणि जून ते सप्टेंबर पागोळीच्या आत, ऊन लागेल पण पाऊस लागणार नाही अशा जागी. लॅव्हेंडर हिवाळ्याचं मोसमी झाड समजून लावलं तर मनस्ताप होत नाही. सुगंधच हवा असेल तर मरवा, दवणा, मोगरा, जाई आहेत, पण ‘हे लावायचंय’ म्हणून त्यांचे फोटो मला कोणी पाठवत नाही.

तपासणी ५: शेजारच्या जुन्या बागा

दोन-तीन किलोमीटरच्या परिसरात एक चक्कर मारा आणि निगा न ठेवलेल्या जागा बघा: जुनी शाळा, पोस्टाचं आवार, बंद बंगला. कोणी पाणी घालत नसताना जे फुलतंय ते तुमच्या हवामानाने पास केलेलं झाड. पुण्याच्या काळ्या मातीत मला अशा जागी कण्हेर, तगर, बोगनवेल, पारिजातक, कुंती, बकुळ वारंवार दिसतात. सोलापूरच्या बाजूला कडुनिंब, बहावा, आपटा. कोकणात उंडी आणि सुरंगी.

तपासणी ६: तुमच्या भिंतीपाशी किती तापतं

कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. झाड गेलं त्याच जागी, पण थेट उन्हात नाही, पानांच्या सावलीत आठवडाभर टांगून ठेवा. वेधशाळेचा आकडा मोकळ्या जागेतल्या, सावलीतल्या पेटीतला असतो. पश्चिमेच्या भिंतीलगत, गच्चीच्या कोब्यावर किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटसमोर तुमचा आकडा त्याच्या बराच वर जातो, आणि भिंत सूर्यास्तानंतरही उष्णता सोडत राहते. आठव्या-दहाव्या मजल्यावर त्यात वाऱ्याची भर.

इथे फरक मोठा आला तर झाड बदलण्याआधी जागा बदला. कुंडी दोन हात सरकवून पूर्वेकडे नेली आणि झाड तरलं, असं बऱ्याचदा होतं. पन्नास टक्के ऊन अडवणारं ग्रीननेट मार्चअखेरीला लावायचं. मे महिन्यात लावलं तर नुकसान होऊन गेलेलं असतं.

तपासणी ७: मुळाभोवतीचा गोळा

पुण्यात विकली जाणारी पुष्कळ झाडं आंध्रातल्या कडियमच्या नर्सऱ्यांतून ट्रकने येतात, काही कोलकात्याहून. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या दमट हवेत, शेडनेटखाली वाढलेली. मुळांना चिकट मातीचा घट्ट गोळा. ती माती एकदा वाळली की विटेसारखी होते. वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेने खाली निघून जातं आणि आतली मुळं कोरडीच राहतात. मेलेलं झाड उपटून पाहा. बाहेरची माती ओली आणि गोळा फोडल्यावर आत भुकटी निघाली, तर हवामानाला दोष देऊ नका.

नवीन झाड आणल्यावर गोळा अर्धा तास बादलीत बुडवायचा, कडेची माती बोटांनी सैल करायची आणि पंधरा दिवस अर्ध्या सावलीत ठेवून मग उन्हात लावायचं.

तपासणी ८: माती, व्हिनेगर आणि एक खड्डा

पिवळी पालवी, हिरव्या शिरा हे लक्षण असेल तर मातीचं वाळलेलं ढेकूळ घ्या आणि त्यावर चमचाभर पांढरं व्हिनेगर टाका. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत चुनखडी आहे. अशा मातीत लोह असतं पण मुळांना घेता येत नाही. एक्झोरा, अनंत, अझेलिया यांना आम्लधर्मी माती लागते, म्हणून जांभ्यावर ती मजेत असतात आणि आमच्याकडे पिवळी पडतात. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून फारसा उपयोग होत नाही, चुनखडीच्या मातीत त्यातलं लोह लवकर अडकून पडतं. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, काम करतं, पण महाग पडतं आणि पुन्हापुन्हा द्यावं लागतं. माझं मत विचाराल तर अनंत मोठ्या कुंडीत लाल मातीत लावा आणि जमिनीत तगर लावा.

निचऱ्यासाठी फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरून वेळ बघा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार तासांत गेलं तर ठीक. रात्रभर राहिलं तर तिथे पावसाळ्यात मुळं कुजणार, झाड कुठल्याही झोनचं असो. ही चाचणी काळ्या मातीत मे महिन्यात करू नका. भेगा पडलेल्या असतात, पाणी सरळ आत पळतं आणि निचरा उत्तम आहे असं वाटतं. माती फुगून भेगा मिटल्यावर, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा. निचरा वाईट निघाला तर दीड फूट उंच वाफा करून त्यावर लावणं हा सोपा उपाय आहे. खड्ड्यात वाळू भरू नका, काळ्या मातीत तो खड्डा पाण्याची टाकी होतो.

तपासणी ९: पाणी

उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी सुरू झाल्यावर झाडं उतरायला लागतात का? कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतोय का? टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, पण तो फक्त एकूण क्षार सांगतो, कुठले ते नाही. आकडा हजाराच्या वर दिसला तर नाजूक झाडांचा नाद सोडा आणि पाणी प्रयोगशाळेत द्या.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

एकाच जागी वेगवेगळ्या जातींची झाडं ओळीने मेली असतील तर आणखी एक झाड आणू नका. जमिनीत मूळकूज, वाळवी किंवा बांधकामाचा पुरलेला राडारोडा असू शकतो. कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती-रोगतज्ज्ञाला मुळांसकट नमुना दाखवा.

मोठं झाड एका बाजूला कलतंय, बुंध्याशी कवकाची छत्री आलीय किंवा भुसा पडतोय, तर स्वतः फांदी छाटायलाही चढू नका. शहरात छाटणीला आणि तोडीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५चा राज्याचा कायदा आहे.

गच्चीवर किंवा पोडियमवर बाग असेल आणि खालच्या छताला ओल दिसली, तर माळ्याचं काम संपलं. आधी वॉटरप्रूफिंगवाला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर, झाडं नंतर.

चुनखडी किंवा क्षार निघाले तर माती परीक्षण करून घ्या. बारामती आणि नारायणगावसारख्या कृषी विज्ञान केंद्रांत त्याची सोय असते. नमुना नीट नेला नाही तर अहवाल निरुपयोगी. वरचा पालापाचोळा बाजूला करा, इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, त्याच्या बाजूची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. अशी पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरा. नुकतंच शेणखत किंवा रासायनिक खत टाकलेली जागा टाळा. फळझाड लावायचं असेल तर एक, दोन आणि तीन फूट खोलीवरचे नमुने वेगळे द्या. चिठ्ठीवर सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना हे चारही लिहा, कारण मुक्त चुना सांगितल्याशिवाय बऱ्याचदा तपासला जात नाही.